सोड म्हणायचं राहून गेलं

१

हे तोंडाने सांगण्यापेक्षा लिहिणं मला सध्या सोपं जातं, म्हणून लिहिते आहे.

मी मूळची मिरजेची. इंदूरच्या एका खासगी मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीररचना शिकवते. पूर्वी त्याला एकच वाट होती. डिसेक्शन हॉल, डोळ्यांना झोंबणारा फॉर्मलीनचा वास आणि स्टीलच्या टेबलांवर देहदान केलेल्या माणसांचे देह. आता त्या हॉलच्या शेजारच्या खोलीत डिजिटल टेबल आलं आहे. टेबल कसलं, माणसाच्या उंचीचा आडवा स्क्रीन. त्यात संगणकावर तयार केलेला एक त्रिमितीय पुरुष उताणा झोपलेला असतो. बोट फिरवलं की कातडी जाते, पुन्हा फिरवलं की स्नायू, मग बरगड्या, मग फुफ्फुसं. त्याला कुशीवर वळवता येतं, उभा कापता येतो, आडवा कापता येतो. वर्ग संपला की एक बटण दाबायचं, सगळं जागच्या जागी.

वर्ग भरायच्या आधी मी एकटी जाऊन त्याचा एकेक थर काढून पाहते आणि परत घालते. गरज काहीच नसते. पण घराला कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघणारी बाई मी, सवयीला औषध नाही. देहदानाच्या देहांपुढे मुलं पहिल्या दिवशी हात जोडून उभी राहतात, आदराने वागवू अशी शपथ घेतात. टेबल आलं तेव्हा आमच्या विभागप्रमुखांनी विचारलं होतं की इथेही शपथ घ्यायची का. मी हसले होते. स्क्रीनला कसली शपथ? शिवाय ज्याचं ते मॉडेल होतं तो माणूस चांगला जिवंत होता आणि वरच्या मजल्यावर बसून कचोरी खात होता.

मुलांना तो कोण हे माहीत नव्हतं. त्यांनी त्याचं नाव ठेवलं होतं भिया. इंदुरात कुणालाही हाक मारायची ती याच नावाने.

२

तो माणूस म्हणजे पीयूष. आमच्याकडे तो संगणकावर मॉडेल्स करायचा. स्कॅनमधल्या शेकडो चकत्या एकेक उघडून हा यकृताचा तुकडा, ही रक्तवाहिनी, अशा रंगवत बसायचं, मग संगणक त्या एकावर एक रचून अवयव उभा करतो. भरतकामाइतकं किचकट काम, आणि पीयूष ते शिट्टी वाजवत करायचा. माझ्या डब्यातली भाजी न विचारता संपवायचा. मला इथे नातेवाईक नाहीत, त्यामुळे असा एक आगाऊ धाकटा भाऊ मिळाला याचं मला बरं वाटायचं.

मॉडेलसाठी निरोगी माणसाचा स्कॅन हवा होता. फॉर्मलीनमधल्या देहाची फुफ्फुसं चेपलेली असतात, ती उपयोगाची नाहीत. तेव्हा पीयूषच पुढे आला.

"माझीच घ्या ना मॅडम. क्या है ना, आपली फुफ्फुसं म्हणजे खानदानी माल आहे."

ते खोटं नव्हतं. त्याचे पूर्वज होळकरांच्या फौजेत शिंग फुंकायचे. फौज गेली, शिंग कुठे गेलं कोण जाणे, पण मल्हारगंजातल्या त्यांच्या घरी संध्याकाळच्या आरतीला शंख वाजवायचा मान अजून होता. पीयूषचा शंख गल्लीच्या पार टोकापर्यंत ऐकू जायचा आणि लवकर थांबायचा नाही. समोरचा किराणावाला म्हणे त्यावरून दिवे लावायचा.

छातीचा स्कॅन काढताना पूर्ण श्वास घेऊन रोखायचा असतो, म्हणजे चित्र हलत नाही. त्यासाठी यंत्रातच एक बाई बोलते. साँस अंदर लीजिए, रोककर रखिए, आणि शेवटी, साँस छोड़ दीजिए. आमचा तंत्रज्ञ मनीष त्या आवाजाला कंटाळला होता. तो बंद करून स्वतःच माइकवरून सांगायचा. त्या दिवशी त्याने श्वास घ्यायला सांगितला, रोखायला सांगितला, स्कॅन झाला, आणि चित्र इतकं सुरेख आलं की तो आणि मी दोघंही स्क्रीनवर वाकून बघत बसलो. बऱ्याच वेळाने काचेतून पाहिलं तर पीयूष छाती फुगवून तसाच पडलेला, चेहरा लाल. मी धावत आत गेले तसा तो फसकन हसला.

"कुणी सोड म्हटलंच नाही," म्हणाला.

आम्ही तिघंही खूप हसलो. बाहेर येऊन चहा प्यायलो.

मॉडेल झाल्यावर त्याने त्याचा चेहरा पुसून सपाट केला. आपण असे उघडेनागडे सगळ्यांसमोर, म्हणाला, तोंड तरी झाकू दे. मिटलेल्या ओठांची रेघ तेवढी राहिली.

३

श्वासाचं प्रकरण शिकवायला घेतलं तेव्हा मी मुलांना डायफ्राम दाखवला. छाती आणि पोट यांच्यामधला हा स्नायूचा पडदा, घुमटासारखा. श्वास घेतला की घुमट खाली दबतो, सोडला की वर येतो. मॉडेल भरल्या श्वासाचं, त्यामुळे त्याचा घुमट अगदी खाली होता. खूण म्हणून मी घुमटाच्या माथ्यावर एक पिवळी टाचणी रोवली. टेबलावर तशी सोय आहे. खरी टाचणी नाही, पण जिथे रोवली तिथून ती हलत नाही.

मग वर्ग पेंगायला लागला होता म्हणून मी थोडी मस्करी केली. याला श्वास रोखायला सांगितला आणि सोडायला कुणी सांगितलंच नाही, बिचारा तेव्हापासून तसाच आहे, असं म्हणाले. आणि स्क्रीनकडे वळून म्हटलं, "अब छोड़ दे, भिया." वर्ग हसला. मीही हसले.

पुढच्या आठवड्यात श्रेया नावाच्या मुलीने हात वर केला. हुशार मुलगी, उगाच बोलणारी नाही.

"मैम, पिन लिवर के अंदर चली गई है."

मी वाकून पाहिलं. टाचणीचं टोक घुमटात बुडालं होतं. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढं. कुणी तरी चाळा केला असेल असं म्हणून मी बटण दाबलं, सगळं जागच्या जागी आलं, टोक मात्र बुडालेलंच राहिलं.

दुपारी मी पीयूषला विचारलं. त्याने हात लावला नव्हता. मूळ फाइलला कुलूप होतं, ते त्याच्याशिवाय कुणाला उघडता येत नव्हतं. त्याने ती माझ्यासमोर उघडली. तिच्यातही घुमट तेवढाच वर होता, टाचणीचं टोक बुडेल इतका. मला वाटलं, मीच टाचणी चुकीची रोवली असणार. पण कॉरिडॉरमध्ये टेबलाच्या उद्घाटनाचं मोठं पोस्टर आहे, त्याच मॉडेलचं चित्र. त्यात घुमट खाली होता, बरगड्या उचललेल्या होत्या. कागदावरचं चित्र सरकत नाही. मी पोस्टरपुढे बराच वेळ उभी राहिले आणि मग संगणकाचं काही तरी बिघडलं असेल, अशी स्वतःची समजूत घातली.

४

त्यानंतर मला पीयूष वेगळा दिसायला लागला. तो ताठ बसायचा, फोटो काढताना बसतात तसा. शिट्टी बंद झाली होती. वाक्यं लहान झाली होती. विनोदावर हसताना खांदे हलायचे, आवाज यायचा नाही. शर्टाची वरची बटणं उघडी असायची. मी टोकलं तर म्हणाला, तंग होतात.

एका गुरुवारी मी त्याच्या घरी गेले. प्रेमलताकाकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, जेवायलाच बोलावलं होतं. आरती झाली. काकूंनी शंख धुऊन त्याच्या हातात दिला. त्याने तो ओठांना लावला, गाल फुगवले, मानेच्या शिरा वर आल्या. शंखातून काहीच आलं नाही. त्याने परत फुंकलं. समोरच्या दुकानातला दिवा लागायचा होता, किराणावाला उंबऱ्यात येऊन आमच्या दाराकडे बघत होता.

काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं.

"बघ ना बेटा, कितीतरी दिवस झाले, शंखच नाही वाजत. तो बोलतो सर्दी आहे. पण सर्दी-वर्दी काही नाही दिसत मला. रात्री मी जाऊन बघते ना, तर त्याची छाती अशी वरच राहते. खाली येतच नाही ती." त्यांनी स्वतःची छाती फुगवून दाखवली आणि मग पटकन श्वास सोडला, भ्याल्यासारखा. "तू डॉक्टर आहे. तू काही कर."

मला हाडांची नावं येतात, रोगी मी कधी तपासलेला नाही. तरी मी हो म्हटलं. बाहेर आल्यावर पीयूषला विचारलं, नेमकं काय होतंय. तो थोडा थांबून, शब्द जपून वापरत म्हणाला, "आत येतं मॅडम. बाहेर... पूरा नाही जात."

मला त्याची फार भीती वाटली. म्हणजे त्याच्यासाठी.

५

छातीच्या डॉक्टरांनी दमा म्हटलं, पंप दिला. दोन एक्स-रे काढले, एक श्वास घेऊन आणि एक सोडून. ते दोन्ही मी खिडकीला लावून पाहिले. दोन्हींत घुमट तितकाच खाली होता, बरगड्या तितक्याच वर. डॉक्टर म्हणाले, पेशंटने नीट सोडला नसेल. मी ते एक्स-रे घेऊन कॉरिडॉरमधल्या पोस्टरपुढे गेले. मग आत जाऊन टेबलापुढे उभी राहिले.

पोस्टरमधली छाती आणि पीयूषची छाती, एकच. टेबलातली मात्र आता कुणाचीच नव्हती.

टाचणी पूर्ण गडप झाली होती. बरगड्या उतरल्या होत्या. रोज सकाळी थर काढताना फुफ्फुसं आणखी लहान झालेली दिसत. माणूस कितीही श्वास सोडो, आत थोडी हवा राहतेच, सगळी कधीच जात नाही. हे मी दर वर्षी शिकवते, परीक्षेत विचारते. टेबलातल्या माणसाने ती मर्यादा ओलांडली होती. त्याची फुफ्फुसं पिळून ठेवलेल्या फडक्यासारखी झाली होती, आणि तरी दुसऱ्या दिवशी ती आणखी थोडी आत गेलेली असत.

मागच्या बाकावरून विपुल नावाचा मुलगा म्हणाला, "मैम, भिया साँस छोड़ रहा है क्या? आपने बोला था ना उसको."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. मी पुस्तक मिटलं आणि वर्ग सोडून दिला. मी सांगितलं होतं खरं. आणि ज्याला सांगायचं होतं त्या पीयूषला अजूनही कुणी सांगितलं नव्हतं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने असं काही मनात आणावं याची मला लाज वाटली, पण विचार काही जाईना.

६

डॉक्टरांना तसाही नवा स्कॅन हवा होता. मी पीयूषला आणि काकूंना घेऊन सकाळीच गेले. पीयूष भिंतीला धरून चालत होता. ओठ निळसर झाले होते. यंत्राच्या फळीवर पडताना त्याने माझ्याकडे पाहिलं आणि एक बोट वर करून दाखवलं, तुमच्या लक्षात आहे ना, अशा अर्थाने. म्हणजे त्याच्याही मनात तेच होतं.

काकू बाहेर बाकावर बसल्या. मी मनीषला सांगितलं की या वेळी शेवटचं वाक्य विसरायचं नाही.

"मैडम, साँस छोड़ना किसी को सिखाना पड़ता है क्या?" तो म्हणाला, पण माझा चेहरा बघून त्याने यंत्रातल्या बाईचा आवाज सुरू केला.

साँस अंदर लीजिए. पीयूषची छाती हलली नाही, ती भरलेलीच होती. रोककर रखिए. फळी आत गेली, बाहेर आली. साँस छोड़ दीजिए.

आतल्या माइकमधून पीयूषच्या सुटणाऱ्या श्वासाचा आवाज आला. मोठा, मऊ, न थांबणारा. शंखासारखाच, फक्त नाद नसलेला. त्याची छाती उतरायला लागली आणि काचेतून मला त्याचा चेहरा सैल होताना दिसला. इतक्या दिवसांत प्रथमच. मी रडले. मनीष माझ्या पाठीवर थोपटत होता, हो गया मैडम, हो गया. मला देवाचे आभार मानावेसे वाटले आणि मी मानलेही.

मग मनीषचा हात थांबला. आवाज अजून येत होता. छाती उतरून सपाट झाली, आणि सपाट झाल्यावरही उतरत राहिली. मनीष माइकवर म्हणाला, "बस भिया, बस." यंत्रातली बाई गप्प होती. तिच्याजवळ पुढचं वाक्य नाही. सोडल्यावर माणूस आपोआप घेतो, म्हणून ते कुणी रेकॉर्डच केलेलं नाही.

मी आत धावले. पीयूष घे, श्वास घे, असं त्याच्या कानाशी ओरडले. त्याचे डोळे माझ्याकडे वळले. तो ऐकत होता. तो प्रयत्न करत होता. पळत आलेल्या डॉक्टरांनी घशात नळी घातली, फुगा दाबला, हवा आत जाईना. जिथे हवा जायची ती जागाच राहिलेली नव्हती.

काकू दारात येऊन उभ्या होत्या.

७

तेरावा झाल्यावर मी टेबल उघडलं. मॉडेल पुसून टाकायचं ठरवून गेले होते. एकेक थर काढला. बरगड्या उचललेल्या होत्या, फुफ्फुसं भरलेली होती, घुमट खाली होता आणि त्याच्या माथ्यावर पिवळी टाचणी नीट टेकलेली होती. पोस्टरमधल्यासारखी. मी ते पुसलं नाही. मुलांना त्या दिवशी मी हात जोडून उभं केलं. का ते सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

काही दिवसांनी काकू कॉलेजात आल्या. त्याचं मॉडेल इथे आहे हे त्यांना मनीषकडून कळलं होतं. दुपारची वेळ होती, खोलीत कुणी नव्हतं. मी नको म्हणू शकले नाही. कातडीचा थर तसाच ठेवून, वरून चादर ओढल्यासारखा अर्धा भाग झाकून मी त्यांना तो दाखवला. सपाट चेहरा बघून त्या आधी गोंधळल्या. मग त्यांनी काचेवर छातीच्या जागी हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"अगं, हा तर दम रोखून पडलाय," त्या म्हणाल्या. "असा किती दिवस राहणार हा? याला कुणी सोड नाही म्हटलं का?"

मी सांगितलं, काकू, ते चित्र आहे.

"चित्रच सही. माझंच लेकरू आहे ना." त्या वाकल्या. ओठ स्क्रीनजवळ नेले. "मी म्हणते. माझं ऐकेल तो."

त्या क्षणी मला एकच गोष्ट कळली. मागच्या वेळी टेबलातल्या याने श्वास सोडला तेव्हा त्याच्या जागी पीयूषला तो रोखून धरावा लागला होता. आता पीयूष नव्हता. जो सोड म्हणेल, त्यालाच धरावा लागेल. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, त्याला पुरावा नाही, आणि मला ते कुठल्याही वर्गात शिकवता येणार नाही. पण त्यांचे ओठ उघडले होते. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला आणि त्यांच्या आधी मीच म्हटलं.

"सोड आता, पीयूष."

काकू माझ्या हाताखाली रडायला लागल्या. मी स्क्रीनकडे बघत होते. सपाट चेहऱ्यावर मिटलेल्या ओठांची जी रेघ होती, ती मधोमध उघडली. तिच्यातून आतला काळोख दिसेल एवढीच, आणि तेवढ्या वेळात मला ते ओठ ओळखू आले. मग काकूंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, चल बेटा, चहा पिऊ.

टाचणी आता अर्धी बुडाली आहे. श्रेया परवा म्हणाली, मैम, आप आजकल धीरे क्यों बोलती हैं. मी तिला जवळ बोलावून एकच गोष्ट नीट समजावली. माझा स्कॅन करायची वेळ आली, तर तू तिथे उभी राहा. आणि यंत्र शेवटचं वाक्य बोललं की लगेच, एक क्षणही न थांबता, मला ‘श्वास घ्या’ म्हण. ती हो म्हणाली. तिला काय वाटलं असेल कोण जाणे. एवढ्याने भागेल की नाही, मलाही माहीत नाही.

काकूंना हे सांगितलेलं नाही. त्या रोज संध्याकाळी आरती झाली की फोन करतात. हल्ली झोप लागते, म्हणतात, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं. मग विचारतात, तू बरी आहेस ना बेटा, आवाज का असा येतो. मी हं म्हणते. हं म्हणायला फारसा श्वास लागत नाही.